पिंजरे किती ते कळले, हात किती?

भटकी कुत्री ठेवायची कुठे, हा प्रश्न २०२५ साली थेट सर्वोच्च न्यायालयाच्या दारात जाऊन बसला. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली आणि आसपासच्या शहरांतली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला आणि सुरुवात म्हणून सहा ते आठ आठवड्यांत पाच हजार कुत्र्यांची सोय करायला सांगितले. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो आदेश बदलला. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रे उचलले त्याच भागात परत सोडावे; पिसाळलेले किंवा आक्रमक असेल तर मात्र सोडू नये. ७ नोव्हेंबरला पुन्हा नवा आदेश आला. शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारांतली कुत्री उचलायची आणि तिथे परत सोडायची नाहीत, आणि हे साऱ्या देशाला लागू. त्यामुळे निवारा ही आता एकट्या दिल्लीची डोकेदुखी उरलेली नाही. या गदारोळात प्राणिप्रेमी आणि प्राणित्रस्त असे दोन तट पडले, तरी एका बाबतीत दोघेही सारखेच बोलताना दिसले : भूखंड मिळाला, शेड पडली, पिंजरे बसले की काम फत्ते. घोळ इथेच आहे. निवाऱ्यात किती जनावरे मावतील हे रोज सकाळी खराटा आणि बादली घेऊन आत शिरणाऱ्या माणसांच्या संख्येवर ठरते. पिंजरे त्यानंतर मोजायचे.

हा भावनेचा मुद्दा नाही, साध्या गुणाकाराचा आहे. निवाऱ्यांत काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत उद्धृत केलेल्या, तिथल्या निवाऱ्यांत रूढ असलेल्या हिशेबानुसार एका जनावराला खाऊ घालणे आणि त्याची जागा स्वच्छ करणे, एवढ्यासाठीच दिवसाला किमान पंधरा मिनिटे धरावी लागतात. औषधपाणी, जखमांची पट्टी, फिरवणे, अंगावरचे गोचीड काढणे हे त्याच्या बाहेर. शंभर जनावरे असतील तर हे झाले रोजचे पंचवीस तास, म्हणजे आठ तासांच्या पाळीची तीन माणसे आणि वर थोडे काम शिल्लक. आता न्यायालयाचे पाच हजार घ्या. रोजचे साडेबाराशे तास, म्हणजे दीडशेच्या वर माणसे. साप्ताहिक सुटी धरली तर एकशे ऐंशीच्या पुढे. हा हिशेब फक्त झाडलोट आणि जेवणाचा आहे, आणि तोही कुणी आजारी पडणार नाही, कुणी नोकरी सोडणार नाही असे धरून. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री नोंदली गेली आणि त्यांतली पावणेतेरा लाखांच्या आसपास महाराष्ट्रात होती. सगळी उचला म्हणणाऱ्याने हा गुणाकार एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावा.

पंधरा मिनिटे जास्त वाटत असतील तर त्या मिनिटांत काय चालते ते जवळून पाहायला हवे. निवाऱ्यातला सर्वांत मोठा मारेकरी पार्वो. पिल्लाला रक्ताचे जुलाब लागतात, उलट्या होतात आणि दोन-तीन दिवसांत ते हातचे जाते. याचा विषाणू फरशीच्या भेगेत, भांड्यांवर, चपलेच्या तळव्याला महिनोन्‌महिने तग धरतो. आपल्याकडे स्वच्छता म्हणजे फिनेल, हे समीकरण इतके पक्के की त्याच्या वासानेच माणसाला समाधान वाटते. पण पार्वो फिनेलला दाद देत नाही. त्याला ब्लीच लागते, आणि तेही विष्ठा खरवडून, साबणाने घासून, पाण्याने धुऊन झाल्यावर, कारण घाण शिल्लक असेल तर ब्लीचचा जोर तिच्यावरच खर्ची पडतो. शिवाय ब्लीच टाकून लगेच पुसून चालत नाही, दहा मिनिटे ओले राहू द्यावे लागते. मांजरांच्या खोलीत तर काळे फिनेल न्यायचेच नाही. त्यातली फिनॉल जातीची रसायने मांजराचे यकृत नीट पचवू शकत नाही, आणि पंजे चाटणाऱ्या मांजराच्या पोटात ती रोज थोडी थोडी जात राहतात. कुत्र्यांच्या गोचिडांवरच्या काही औषधांत असणारे परमेथ्रिनही मांजराला घातक, म्हणून बाटल्यासुद्धा वेगळ्या ठेवायच्या. सफाईचा क्रमही ठरलेला असतो. आधी निरोगी पिल्ले, मग निरोगी मोठी जनावरे, मग आजारी, आणि शेवटी विलगीकरणाची खोली. तिथल्या चपला आणि बादली बाहेर येत नाहीत. शंभर जनावरांमागे एकच माणूस असेल तर तो हा क्रम पाळत नाही, पाळू शकत नाही. पाइप लावून सगळ्या पिंजऱ्यांवर एकदम पाणी मारतो, आणि एका कोपऱ्यातला पार्वो सगळ्या शेडमध्ये पोचतो.

सफाई करणारा माणूस हाच निवाऱ्याचा पहिला निदानकर्ता असतो, हे तर आपल्या हिशेबात कुठेच येत नाही. डॉक्टर फेरीला येतो तेव्हा कुत्रे दचकून उभे राहते आणि मांजर डोळे मिटून गठडी वळते. दोघांत काही बिघडल्याचे दिसत नाही. कालचा भात कोणाच्या भांड्यात तसाच आहे, शेजारचा दांडगा कोणाचे खाणे पळवतो आहे, कोण उठताना मागचा पाय टेकत नाही, हे भांडी गोळा करणाऱ्याला कळते. वाळूच्या ट्रेचेच घ्या. बोक्याची लघवी अडकली तर दोन-तीन दिवसांत तो मरू शकतो आणि तोंडाने काही सांगत नाही. ट्रेमधली वाळू सकाळी कोरडी दिसली की समजणारा समजतो. एका पिंजऱ्यात एक मांजर आणि रोज तीच व्यक्ती ट्रे उपसणारी असेल तरच हे समजते. वीस मांजरे एका खोलीत कोंडली की कोरडी वाळू कोणाची, हे कोण सांगणार? आईविना आलेल्या मांजराच्या पिल्लाचे काम याहून कठीण. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजायचे, आणि प्रत्येक वेळी कोमट ओल्या कापसाने पुसून त्याला लघवी करवायची, कारण पहिले काही आठवडे त्याला ते आपले आपण जमत नाही. गाईचे दूध चालत नाही. मांजरीच्या दुधाच्या मानाने ते पातळ, आणि पिल्लाला हगवण लागते. चार पिल्लांची टोपली कुणीतरी गुपचूप गेटवर ठेवून जातो, तेव्हा त्याने एका माणसाची रात्रपाळी ठेवलेली असते.

दुसरा हिशेब दिवसांचा. रोज पाच जनावरे येत असतील आणि प्रत्येक जनावर सरासरी वीस दिवस राहत असेल, तर निवाऱ्यात कायम शंभर जनावरे असणार. तेच दहा दिवसांत बाहेर पडले तर पन्नास. एकही पिंजरा न वाढवता, केवळ उपचार वेळेवर करून, शस्त्रक्रियेची वाट पाहण्याचे दिवस कमी करून आणि दत्तक देण्याचे काम नेटाने चालवून गर्दी निम्म्यावर येते. उलट ज्याला सोडायचेच नाही असे कुत्रे आत घेतले, तर ते पुढची दहा-बारा वर्षे आतच राहणार. नोव्हेंबरच्या आदेशाचा खरा भार हा आहे. रस्त्यावर वाढलेले, सगळा मोहल्ला हिंडणारे मोठे कुत्रे दाटीत कोंडले की काही दिवसांतच गोल गोल फिरू लागते, पंजा चाटून चाटून सोलते, नाहीतर शेजाऱ्याला फाडते. त्याला पंधरा मिनिटे पुरत नाहीत. त्याला माणूस लागतो. ही दहा वर्षांची तरतूद प्रस्तावात दाखवल्याशिवाय एकही कुत्रे आत घेऊ नये, असे माझे मत आहे.

यावर पहिला आक्षेप रास्तच आहे. चावा मोटारीतून फिरणाऱ्याला बसत नाही. पहाटे कामाला निघालेल्या बाईला, पायी शाळेत जाणाऱ्या पोराला बसतो. जगातल्या रेबीजच्या बळींपैकी एक तृतीयांशाहून अधिक भारतात जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण रेबीज कशाने थांबतो याचे उत्तर आपल्या शेजारीच आहे. गोव्यात राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी वर्षानुवर्षे गल्लीबोळांत फिरून, जाळ्यांनी कुत्री धरून, जागच्या जागी लस टोचून सोडून दिली. लोकांना शिकवले, संशयित कुत्र्यांचा माग ठेवला. २०१८ मध्ये तिथे माणसांच्या रेबीजमृत्यूंचा आकडा शून्यावर आला, आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. हे कुत्र्यांना कोंडून झालेले नाही. दहांतल्या सात कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते. लस दिलेले, खच्ची केलेले कुत्रे उचलून नेले की त्या जागी बिनलशीचे नवे येते. चाव्याची काळजी असणाऱ्याने तर निवाऱ्याचे पैसे आधी लसीच्या आणि शस्त्रक्रियेच्या टेबलाकडे वळवायला हवेत. खऱ्याखुऱ्या चावऱ्या, आजारी, जखमी जनावरांसाठी निवारा मग चांगला चालवता येतो.

माणसांच्या दवाखान्यांत परिचारिका कमी असताना कुत्र्यांची मिनिटे कसली मोजता, असेही विचारले जाईल. म्हणूनच मोजायची! परवडत नसेल तर आत घेऊ नका, एवढेच त्या मोजणीचे म्हणणे आहे. अर्धवट चालवलेला निवारा हाच सर्वांत महागडा : औषधे जातात, जनावरेही जातात. काहींना वाटते, दाते आणि स्वयंसेवक आहेत की. आहेत, आणि त्यांच्यावाचून एकही संस्था टिकली नसती. पण रविवारी कुत्र्यांना फिरवायला आलेली मंडळी सोमवारी पहाटेच्या जुलाबाला नसतात, आणि गटारातून काढलेल्या पिल्लाच्या फोटोवर जमणारा पैसा खराट्याच्या पगाराला जमत नाही. मुंबईला दानाची वाण कधीच नव्हती. १८३२ मध्ये इंग्रजांच्या कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध दंगल उसळली, आणि दोनच वर्षांनी सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरापोळ उभा राहिला. जागेला दाता मिळतो, नावाची पाटी लागते. अळ्या पडलेल्या जखमेत चिमटा घालणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या वाट्याला मात्र हातमोजे, चाव्याआधी घ्यायची रेबीजची लस, पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसपासून बचावासाठी गमबूट, यांतले काहीही हक्काने येत नाही.

आणि नको असलेली एक गोष्ट बोलायलाच हवी. हात मर्यादित असतील तर कधीतरी ‘नाही’ म्हणावे लागते, आणि बरे न होणाऱ्या, वेदनेने तळमळणाऱ्या जनावराला शांतपणे मृत्यू द्यावा लागतो. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी असाध्य आजार आणि प्राणघातक जखमांसाठी तशी मुभा दिली आहे. ती न वापरता जनावर कोपऱ्यात कुजू देण्याला दया म्हणणे मला पटत नाही.

तुमच्या गावच्या महापालिकेत निवाऱ्याचा ठराव येईल तेव्हा नगरसेवकाला पिंजऱ्यांचा आकडा विचारू नका. किती जनावरांमागे किती पगारी माणसे, त्यांना किमान वेतन आणि रेबीजची लस मिळणार का, रोज किती जनावरे येणार आणि किती दिवसांत बाहेर पडणार, हे लेखी मागा. उत्तर मिळाले नाही तर ठरावाला विरोध करा, आणि तोच निधी लसीकरणाला द्या म्हणून सांगा.