'ओन्ली' आणि आपला 'च'

'ही इज लाइक दॅट ओन्ली.' भवानी पेठेतील आमच्या विद्यार्थ्याने हे वाक्य लिहिले की इंग्रजीच्या वहीत लाल रेघ उमटते. विद्यार्थी ओशाळतो आणि पुढल्या वेळी एका शब्दात उत्तर देतो. आम्ही मराठीचे अध्यापक या प्रकाराकडे आजवर परक्याचे प्रकरण म्हणून पाहत आलो. आता वाटते, दोष असलाच तर त्यात आमचाही वाटा आहे.

या पेठेत घरची भाषा तेलुगू, शेजारची कन्नड किंवा दखनी आणि शाळेची मराठी असणे नवलाचे नाही. मराठीत 'इथेच', तेलुगूत 'इक्कडे', कन्नडमध्ये 'इल्ले', दखनीत 'इधरीच'. चारही भाषांत भर देणारा अंश शब्दाच्या शेवटी चिकटतो. तेव्हा मुलाने 'ओन्ली' शेवटी ठेवले तर त्यात अडाणीपणा कसला? शिवाय धनादेशावर रकमेच्या शेवटी 'ओन्ली' लिहितातच. 'लेडीज ओन्ली' ही पाटीही आपण रोज वाचतो. म्हणजे चूक केवळ जागेची नव्हे, ती अर्थाची आहे.

आपले व्याकरण 'च'ला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणते आणि पुढे जाते. पण हा एकाक्षरी शब्द किती कामे करतो! 'दहाच रुपये' यात मर्यादा आहे. तिथे 'ओन्ली' चपखल बसते. 'इथेच राहतो' यात नेमकेपणा आहे. तिथे इंग्रजी 'राइट हिअर' म्हणेल. 'असाच आहे' यात स्वभावाचा स्वीकार आहे. तिथे 'जस्ट' हवे. 'तो येईलच' यात खात्री आहे. तिथे 'ही विल ओन्ली कम' म्हटले, तर ऐकणाऱ्याला वाटेल, हा नुसता येईल, बाकी काही करणार नाही!

कोरियन भाषेतही 'फक्त' या अर्थाचा 'मान' हा प्रत्यय नामाच्या मागून लागतो. पण त्याचे काम मुख्यतः मर्यादा घालण्याचे. त्यामुळे त्या विद्यार्थ्याला 'ओन्ली'ची जागा तेवढी बदलावी लागते. आपल्या विद्यार्थ्याला आधी अर्थ वेगळे करावे लागतात.

ते वेगळे करायला त्याला कोण शिकवणार? 'च म्हणजे ओन्ली' असे एका दमात सांगून आम्ही मोकळे झालो, ही आमची चूक. 'च'चे हे अर्थ मराठीच्या तासाला उलगडले गेले, तर इंग्रजीच्या तासाला लाल रेघ कमी लागेल. विद्यार्थ्याला आपण काय म्हणतो आहोत हे नेमके ठाऊक असते. त्याला गप्प करण्याआधी आपण ते समजून घ्यायला हवे. ते काम मराठीच्या वर्गाचे आहे. मराठीच्याच.