नाटक बायकांच्या अंगणात

मैत्रिणींनो, यात्रांचे दिवस आले, की नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी येतात, सुपारी देऊन जातात. आमच्या निमगाव सावाच्या माणसांना हे काही नवीन नाही. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर याच भागातल्या. भर खेळात बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिलेल्या विठाबाई २००२ साली गेल्या. बोर्डावर बाई होती. पण समोर घरच्या बायका किती होत्या? रात्रीचा खेळ आणि पुरुषांची गर्दी. आपल्या सासूबाईंच्या वाट्याला आली ती लांबून ऐकू येणारी ढोलकी!

म्हणजे नाटक कुठे आणि केव्हा होतं, यावर ते कोण बघणार हे ठरतं.

हे ओळखून बादल सरकारांनी बंगालमध्ये नाट्यगृह सोडलं, प्रेक्षकांच्या मधोमध खेळ केले. त्याला नाव दिलं ‘अंगनमंच’. आपल्याकडे ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ हे नाटक १९८३ साली आलं. स्त्री मुक्ती संघटनेच्या बायका ते वस्त्यावस्त्यांत घेऊन गेल्या. नाटकाला बाई आली नाही, तर नाटक बाईकडे गेलं.

आमच्या बचत गटानेही असा एक प्रयत्न केला. विषय होता हक्कसोड. २००५ च्या कायद्याने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे. पण भाऊ साडी-चोळी करतो आणि बहीण सही करून मोकळी होते! वीस मिनिटांचं नाटुकलं आम्ही कांद्याच्या बराखीपुढे केलं. दुपारची वेळ, बायका कांदा निवडत बसलेल्या. कोणी हातातलं काम सोडलं नाही. नाटकातली बहीण सही करायला वाकली, तशी एक आजी म्हणाल्या, “थांब गं पोरी. मीबी अशीच केली व्हती.” मग नाटक राहिलं बाजूला. एकेक बाई आपापली सही सांगायला लागली.

हेच नाटुकलं नंतर शेजारच्या एका गावात देवळाच्या सभामंडपात केलं. वेळ संध्याकाळी सातची. बिबट्याच्या भीतीने मळ्यातल्या बायका आल्याच नाहीत. ज्या आल्या त्या मागे, खांबाच्या आडोशाला. पुढे पुरुष मंडळी. टाळ्या भरपूर पडल्या, पण एकही बाई बोलली नाही. नाटक तेच, आम्हीही त्याच. फक्त जागा आणि वेळ बदलली होती.

आता ग्रामसभेचं बघा. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असंही कायदा सांगतो. तरी बायका येत नाहीत, आल्या तर बोलत नाहीत, अशी तक्रार असतेच. पण सभेची वेळ आणि बसायची जागा ठरवताना त्यांना कोणी विचारलं होतं का? अंगणात घडाघडा बोलणारी बाई सभेत मुकी होते, तो दोष तिच्या जिभेचा नाही.

म्हणून या उन्हाळ्यात एक करून बघा. शेवया-कुरडयांना सगळ्या जमतातच. तिथेच आपल्या गावातला एखादा प्रश्न पंधरा मिनिटांत करून दाखवा. पडदा नको, माईक नको. दोघी-तिघी उभ्या राहिल्या तरी पुरे. आणि तिथे जे बोललं जाईल, ते लिहून घ्या. पुढच्या महिला सभेत तोच आपला पहिला विषय!