काळ्या पाषाणाची ताकद कोणी मोजावयाची?

पुणे-नाशिक रस्त्यावर, नारायणगावाला लागून असलेल्या वारूळवाडीच्या परिसरात दगडाला तोटा नाही. जुन्नर तालुक्याची भूमीच लाव्हाच्या थरांनी घडलेली आहे. लेण्याद्रीची लेणी याच कातळात कोरली गेली. शिवनेरीचे तट आणि पूरचे कुकडेश्वराचे देऊळ याच पाषाणाने उभे राहिले. असे असता आज येथे कोणी घडीव दगडाच्या भारवाही भिंतींचे दुमजली घर बांधावयाचे ठरविले, तर पहिली अडचण दगडाची नव्हे, आकड्याची येते. अमक्या खाणीचा दगड तमक्या मालात बसविला असता भिंत किती भार निर्धोकपणे पेलील, याचे उत्तर अभियंत्याच्या हाताशी नसते. आणि ज्याचे उत्तर नाही त्यावर तो सही करीत नाही. त्यात त्याचा दोषही नाही.

मानके मुळीच नाहीत असे नव्हे. दगडाचा नमुना कोरडा आणि पाण्याने भिजलेला अशा दोन्ही अवस्थांत दाबून त्याची ताकद कशी काढावी, हे 'आयएस ११२१' सांगते. दगडी बांधकामाची रीत 'आयएस १५९७' मध्ये आहे. भिंतीच्या आराखड्यासाठी १९८७ ची 'आयएस १९०५' ही संहिता आहे. तथापि, तिचे मूळ कोष्टक प्रति चौरस मिलिमीटर ४० न्यूटन ताकदीच्या विटेपाशी वा ठोकळ्यापाशी संपते, आणि तेथे उत्तम सिमेंटच्या मालातही ३.०५ न्यूटन इतकाच मूलभूत ताण मिळतो. दख्खनचा घट्ट, निरोगी बेसाल्ट शंभराच्या पुढे सहज जातो. उलट त्याच डोंगरातला सच्छिद्र वा झिजलेला थर त्याच्या पासंगालाही पुरत नाही. कोष्टक मुख्यतः विटा-ठोकळ्यांच्या अनुभवावर बेतलेले असल्याने चांगल्या दगडाचे श्रेय त्यात उमटत नाही आणि वाईट दगड नमुना तपासल्याखेरीज उघडा पडत नाही. युरोपच्या बांधकाम संहितेत घडीव नैसर्गिक दगडासाठी स्वतंत्र गुणांक दिलेला आहे, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी.

दगडाची ताकद म्हणजे भिंतीची ताकद नव्हे, हे मात्र विसरून चालणार नाही. लेणी कोरलेली आहेत, बांधलेली नाहीत. त्यांच्या दोन हजार वर्षांच्या टिकावावरून भिंतीविषयी काही सिद्ध होत नाही. भिंत ठरते ती माल, दर्जा, घडाई आणि सांधणी यांवर. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गाडली गेली, ती दगड फुटल्यामुळे नव्हे. चिखलात रचलेल्या जाड भिंतींचे आतले व बाहेरचे पाखे आरपार दगडांनी बांधलेले नव्हते, पोटात बारीक दगडांची भर होती आणि डोक्यावर मातीच्या धाब्याचे ओझे होते. त्याच वर्षीच्या 'आयएस १३८२८' मध्ये दगडी भिंत ४५० मिलिमीटरहून जाड नसावी, आणि दर ६०० मिलिमीटर उंचीला, आडवे १.२ मीटरहून अधिक अंतर न ठेवता, आरपार दगड घालावा, असे स्पष्ट मार्गदर्शन आहे. किल्लारीनंतर दगडालाच दोषी ठरविणे सोपे होते. दोष अज्ञानाचा होता.

येथे प्रश्न स्थापत्याचा न राहता अर्थशास्त्राचा होतो. एका घराच्या मालकाने खाणीचे नमुने तपासून घ्यावेत, भिंतीचे तुकडे बांधून दाबून पाहावेत, हा खर्च एका घराला न परवडणारा आहे. पण तो एकदा झाला की त्याचा लाभ त्या खाणीतून दगड नेणाऱ्या प्रत्येकाला होतो. ज्या ज्ञानाचा लाभ सर्वांना, पण खर्च एकट्याला, ते ज्ञान बाजार निर्माण करीत नाही. शिवाय गिऱ्हाइकाला दगडाची प्रत कळत नसली की चांगल्या व वाईट दगडाला एकच भाव मिळतो आणि चांगला माल मागे हटतो. हे जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले होते. मागणी नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून मागणी नाही! या चक्रात पाथरवटाची टाकी थंडावते आणि भिंतीत शोभला असता तो पाषाण क्रशरमध्ये खडी होऊन पडतो.

यावर उपाय शासनाच्या आवाक्यातला आहे. गौण खनिजांवर शासन स्वामित्वधन घेतेच. त्यातला अल्पसा भाग खाणवार चाचण्यांसाठी राखावा. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि ठिकठिकाणची अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्याकडे हे काम सोपवावे. दगडाची कोरडी व ओली ताकद तर काढावीच. शिवाय चुन्याच्या आणि सिमेंटच्या मालात स्थानिक गवंड्यांकडून नमुना भिंती बांधवून त्याही दाबून पाहाव्यात. मिळालेली कोष्टके मराठीत छापून पंचायत समितीपर्यंत पोहोचवावीत. आरंभ जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांपासून करता येईल.

दगडी घरेच बांधा, असा आग्रह येथे नाही. काँक्रीट स्वस्त आणि सोयीचे ठरले तर लोकांनी ते निवडावे. पण निवड करणाऱ्याला दोन्ही बाजूंचे आकडे दिसले पाहिजेत. आज एका बाजूचा आकडा छापील आहे आणि दुसऱ्या बाजूला केवळ डोंगर आहे.