घशात हाड, की रेबीज?

बाजारपेठेत दुकानाच्या पायरीखाली रोजचा ओळखीचा कुत्रा अंग चोरून बसला आहे. खालचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, पुढे ठेवलेले पाणी गिळता येत नाही. तो भुंकत नाही की कुणाच्या अंगावर धावून जात नाही. बघणाऱ्याला वाटते, घशात हाड अडकले असणार. मग कुणीतरी कनवाळू माणूस त्याच्या तोंडात हात घालतो.

रेबीजचा सर्वांत फसवा प्रकार हाच. पिसाळलेला कुत्रा म्हणजे चवताळून चावत सुटणारा, ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. मूक रेबीजमध्ये जबड्याचे आणि घशाचे स्नायू लुळे पडतात, कुत्रा कोपरा धरून बसतो. चावा बसला नाही, तरी त्याची लाळ हातावरच्या ओरखड्यात गेली की विषाणूला वाट मिळते. उत्तर प्रदेशातील बुलंदशहरच्या एका तरुण कबड्डीपटूने गटारात पडलेले पिल्लू बाहेर काढले. पिल्लू किंचित चावले, त्याने ते मनावर घेतले नाही, लस घेतली नाही. जून 2025 मध्ये तो रेबीजने गेला.

त्याच उन्हाळ्यानंतर भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पेटला. 11 ऑगस्टला दिल्ली परिसरातील सगळे कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश झाला. 22 ऑगस्टला तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडा, पण रेबीज झालेले, संशयित किंवा आक्रमक कुत्रे सोडू नका, असे न्यायालयाने सांगितले. 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा जागांतून कुत्रे हटवण्यास सांगितले गेले. सोडायचे की कोंडायचे यावर देशभर भांडण झाले. पण ‘संशयित’ कोण हे ठरवायचे कुणी, आणि त्याला धरायचे कुणी, यावर फारसे कुणी बोलले नाही. बांद्यासारख्या गावात खरा प्रश्न तोच आहे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. रेबीजची दाट शक्यता असलेला कुत्रा नैसर्गिक मृत्यू येईपर्यंत वेगळा ठेवा, असेही ते सांगतात. म्हणजे पिंजरा हवा, जाळे हवे आणि लस घेतलेली माणसे हवीत.

आजारी दिसणारा प्रत्येक कुत्रा रेबीजचा नसतो, आणि म्हणूनच गोंधळ होतो. लूत लागून अंगावरचे केस गेलेला कुत्रा भेसूर दिसतो, पण पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली गोळ्या-इंजेक्शनांनी काही आठवड्यांत त्याला पुन्हा केस येतात. (गॅरेजमधले जळके ऑइल फासण्याची आपली जुनी सवय मात्र सोडा. कुत्रा ते चाटतो आणि विष पोटात जाते.) जखमेत अळ्या पडलेला कुत्रा वासाने नकोसा होतो, पण अळ्या काढून जखम साफ केली तर तो वाचतो. तिथे फिनाइल ओतू नये. जननेंद्रियावर फुलकोबीसारखी रक्ताळलेली गाठ दिसली, तर तो समागमातून पसरणारा कर्करोग असतो. विनक्रिस्टिनची दर आठवड्याला एक अशी काही इंजेक्शने दिली की बहुतेक कुत्रे बरे होतात. खरी अडचण डिस्टेंपरची. पिल्लांच्या डोळ्या-नाकातून पू येतो, मग पायांना झटके, तोंडाची चावल्यासारखी हालचाल, तोंडाला फेस. हा आजार माणसाला होत नाही, पण शेवटच्या टप्प्यात तो आणि रेबीज नुसत्या नजरेने वेगळे करणे अनुभवी डॉक्टरलाही जड जाते. खात्री होते ती मेल्यानंतर मेंदूच्या तपासणीनेच.

ही तपासणी नेमाने झाली तर काय होते, ते बांद्याला पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे दिसते. गोव्यात ‘मिशन रेबीज’ आणि राज्य सरकारने वर्षाला सुमारे एक लाख कुत्र्यांना लस टोचली, 70 टक्के कुत्र्यांपर्यंत पोहोचण्याचे लक्ष्य ठेवले. पण माझ्या मते त्याइतकेच महत्त्वाचे काम दुसरे होते. संशयित कुत्रा दिसला की लोकांनी फोन करायचा, प्रशिक्षित पथकाने येऊन तो धरायचा, मेल्यावर नमुना तपासायचा, आणि चावा बसलेल्यांना शोधून लस द्यायची. 2017 नंतर काही वर्षे तिथे रेबीजने माणूस दगावल्याची नोंद नव्हती. कुत्र्याला राज्याची हद्द कळत नाही, त्यामुळे विषाणू शेजारून पुन्हा शिरण्याची धास्ती तिकडे असतेच. त्या शेजारात आपणही येतो.

बांद्याला ही रीत नवी वाटू नये. 2017 मध्ये माकडतापाने या भागात माणसे दगावली, तेव्हा मेलेले माकड दिसले की हात न लावता आरोग्य खात्याला कळवायचे, हे लोक शिकले. मेलेले माकड ही पुढच्या संकटाची खबर होती. लाळ गाळणारा कुत्राही तशीच खबर देत असतो.

कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या, जखमा धुणाऱ्या पोरांनी तरी चाव्याची वाट न पाहता आधीच लस घ्यावी. आपल्याकडच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिला डोस, सातव्या दिवशी दुसरा, आणि 21 किंवा 28 व्या दिवशी तिसरा. पुढे चावा बसलाच तर दोन डोस पुरतात, महागडे इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. लस घेतलेली असो वा नसो, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद काही लावू नये, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कुत्रा धडधाकट दिसतो म्हणून थांबू नये, कारण लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासून विषाणू लाळेत असू शकतो.

पायरीखालचा तो कुत्रा रेबीजचा असेल तर साधारण दहा दिवसांत मरतो. मग कुणीतरी त्याला नदीकाठी नेऊन पुरते. नमुना जात नाही. आदल्या आठवड्यात त्याच्याशी खेळलेल्या मुलांच्या घरी कुणी विचारायलाही जात नाही.