देवाशी भांडायचं बटण कुठे आहे?

ऐरोलीत आम्ही पाच-सहा टाळकी शनिवारी रात्री 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. माहीत नसेल त्यांच्यासाठी: हा १९७४ सालचा अमेरिकन खेळ. कागद, पेन्सिल, फासे आणि प्रत्येकाचं एक काल्पनिक पात्र. त्यात 'क्लेरिक' नावाचा प्रकार असतो, म्हणजे देवाच्या कृपेवर मंत्र चालवणारा भक्त. आजची तक्रार त्याच्या देवाबद्दल आहे.

काय आहे ना, या खेळातला देव म्हणजे चक्क लायसन्स सर्व्हर आहे. अटी पाळा, मंत्र चालू. अट मोडली, अ‍ॅक्सेस बंद. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांत तर सरळ लिहिलं होतं की देवाची आचारसंहिता गंभीरपणे मोडली तर क्लेरिकचे मंत्र जातात, आणि प्रायश्चित्त झाल्याशिवाय परत मिळत नाहीत. ही भक्ती नव्हे, हा एचआरचा नियम झाला.

'बॉल्डर्स गेट ३' (२०२३) खूप गाजला, आणि आहेच तो भारी. पण त्यातली शॅडोहार्ट बघा. शार देवीच्या या भक्तिणीपुढे पर्याय काय? आज्ञा पाळून समोरच्या कैदेतल्या बाईला मार, नाहीतर देवी सोड. गेल हा जादूगार मिस्ट्रा देवीचा एकेकाळचा प्रियकर. तिचा निरोप येतो की स्वतःचा स्फोट करून घे, मग माफी. आणि 'गॉड ऑफ वॉर' (२००५) मधला क्रेटोस देवालाच मारून मोकळा होतो. थोडक्यात बटणं तीनच: ऐका, सोडा, मारा.

चौथं बटण आपल्याकडे सातशे वर्षांपासून आहे: भांडा, आणि तिथेच राहा.

जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. दळताना तिला मदत करायला विठोबा येतो म्हणतात, आणि तीच बाई त्याला अरेतुरे करून अशा शिव्या घालते की आज कुणी फेसबुकवर टाकल्या तर भावना दुखावल्याची तक्रार दुपारपर्यंत पोलीस चौकीत. तुकोबांनी तर देव आपल्यापुरता मेला, असंच सांगून टाकलं. वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या तेव्हा, परंपरा सांगते, तेरा दिवस काठावर धरणं धरून बसले. यातल्या कुणाचेही 'मंत्र' बंद झाले नाहीत. कारण नातं नोकरीचं नव्हतं, घरातलं होतं. माऊलीकडे कुणी राजीनामा देत नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं फार गोड झालं. मान्य. चोखोबांना देवळात पाऊल टाकता येत नव्हतं. त्यांचा मुलगा कर्ममेळा देवाला या जन्माचा जाब विचारतो, त्यात लाडिकपणा शून्य आहे. पंढरपूरचं दार उघडायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. आणि बाबासाहेबांनी १९५६ मध्ये 'सोडा' हेच बटण दाबलं, ते योग्यच होतं. पण बघा, या भांडणात किती काय पणाला लागलं होतं! त्यापुढे शॅडोहार्टचं दुःख फार एकट्याचं वाटतं.

म्हणून राग येतो तो आपल्याच गेमवाल्यांचा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) मी कौतुकाने खेळलो. चित्रं अप्रतिम. दुर्गा राजीला त्रिशूळ देते, आणि दुर्गा-विष्णू तिच्याबद्दल आपापसांत बोलत राहतात. माझा भाऊ राक्षसांनी पळवला तेव्हा तुम्ही दोघं कुठे होतात, हा एक प्रश्न मला तिच्या तोंडून ऐकायचा होता. भावना दुखावतील ही भीती खरी आहे, नाकारत नाही. पण जनाबाईच्या मुलखात देवाला प्रश्न विचारायला घाबरायचं म्हणजे कमालच झाली.

आमच्या टेबलावर आता एक घरचा नियम आहे. क्लेरिक देवाशी भांडू शकतो, मंत्र जात नाहीत, आणि खेळ चालवणाऱ्याला देवाच्या वतीने उत्तर द्यावंच लागतं. गप्प बसणं चालत नाही. गेल्या महिन्यात एका देवाला माफी मागावी लागली. फासे नाही टाकले त्यासाठी.