कट्ट्यावरची संमती

पौषातली ही सकाळ सोलापूरकरांना वेगळी सांगावी लागत नाही. हवेत किंचित गारवा असतो, होम मैदानावर सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या गड्ड्याचे पाळणे उभे राहिलेले असतात, भोगीच्या भाजीसाठी मंडईत पावटा-हरभऱ्याचे ढीग लागलेले असतात आणि कितीतरी घरांत बाराबंदीचा पांढराशुभ्र पोशाख धुऊन, घडी घालून तयार असतो. उत्सवाच्या या उंबरठ्यावरच १२ जानेवारीची तारीख येते आणि आपले पाऊल क्षणभर थबकते. १९३१ साली याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या आपल्या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. दर वर्षी त्यांच्या पुतळ्यांना हार चढतात, शाळकरी मुले रांगेने येऊन नमस्कार करतात आणि शहर पुन्हा गड्ड्याच्या गर्दीत मिसळून जाते.

हाच दिवस जिजाऊंच्या आणि विवेकानंदांच्या जयंतीचा, म्हणून तो युवकांचाही. त्याच्या आगेमागे आणखी एक प्रथा आता रुळली आहे. २ जानेवारी १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलीस दलाला ध्वज मिळाला. त्या स्मरणार्थ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पोलीस महाविद्यालयांत येतात, विद्यार्थी पोलीस ठाण्यांत जातात. श्वानपथकाचे कौतुक होते, दामिनी पथकाची माहिती दिली जाते, ११२ हा क्रमांक सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतला जातो. टाळ्या पडतात, आभारप्रदर्शन होते, सतरंज्या गुंडाळल्या जातात. मग मुले पुन्हा कट्ट्यावर येऊन बसतात, आणि खरा प्रश्न तिथे सुरू होतो.

कारण कॉलेजच्या कट्ट्याला सगळे ठाऊक असते. वसतिगृहाच्या मागच्या भिंतीपाशी संध्याकाळी कोण येऊन थांबते आणि त्याच्याकडून कोण काय घेऊन जाते, पार्किंगमध्ये महिनाभर धूळ खात पडलेली गाडी कुणाचीच कशी नाही, नव्या मुलांना ‘ओळख करून घ्यायला’ रात्री कोणत्या खोलीत बोलावतात, अक्कलकोटच्या एसटीपर्यंत रोज एका मुलीच्या मागे कोण चालत जातो, हे प्राचार्यांच्या आधी कट्ट्याला कळलेले असते. कळते, चघळले जाते आणि तिथेच विरते. वर्दी कुणी देत नाही.

यासाठी एकट्या मुलांना बोल लावणे अन्यायाचे होईल. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, आपण बरे आणि आपले काम बरे, हे त्यांनी आपल्याच तोंडून ऐकले आहे. वर्गात एखाद्याने काही सांगितले की ‘चहाडखोर’ हा शिक्का त्याच्या कपाळी बसतो, तो आपल्याही लहानपणी बसत होता. आणि मंगळवेढ्याहून, करमाळ्याहून शिकायला आलेल्या मुलीची भीती तर याहून खोल असते. आपल्याला त्रास होतो आहे हे घरी कळले, तर त्रास देणाऱ्याचे काही होवो न होवो, आपले शिक्षण मात्र थांबेल, हे तिला पक्के ठाऊक असते. तिने पत्करलेले मौन तिचे एकटीचे नसते. त्यात आपणा सर्वांच्या घरांचा वाटा असतो.

चहाडी आणि वर्दी यांत मात्र मोठे अंतर आहे. चहाडी दुसऱ्याला खाली ओढण्यासाठी केली जाते, वर्दी दुसऱ्याला वाचवण्यासाठी दिली जाते. हे अंतर कायद्याने केव्हाच ओळखले आहे. खून, दरोडा यांसारख्या ठरावीक गंभीर गुन्ह्यांची माहिती पोलिसांना देणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्यच मानलेले आहे. आपल्या राज्याने रॅगिंगविरोधी कायदा केला तो १९९९ साली. विद्यार्थ्याने, पालकाने किंवा शिक्षकाने लेखी तक्रार केली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी, तथ्य आढळल्यास संबंधिताला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावी, आणि जो प्रमुख याकडे काणाडोळा करील त्याने त्या अपराधाला साहाय्यच केले असे धरावे, असे तो कायदा सांगतो. म्हणजे ऐकणाऱ्याच्या मौनालाही त्याने मोकळे सोडलेले नाही.

तरीही २०१९ च्या मे महिन्यात मुंबईच्या नायर रुग्णालयातल्या एका तरुण निवासी डॉक्टरने आपले आयुष्य संपवले, आणि आपण रॅगिंगची तक्रार आधीच केली होती, असे तिच्या आईने नंतर सांगितले. त्या प्रकरणाचा खटला न्यायालयाचा विषय आहे, त्यावर आपण निवाडा करू नये. पण सांगणाऱ्याने सांगितल्यावर पुढे काय होते, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक संस्थेच्या दारात उभा आहे. तक्रारपेटी भिंतीवर टांगली म्हणजे कर्तव्य संपत नाही. तिची किल्ली कुणाकडे असते आणि ती शेवटची कधी उघडली, हे विचारायला हवे. अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे फलकावर असावीत. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा सहज बोलणाऱ्या या शहरात, मुलीला आपल्या घरच्या भाषेत गाऱ्हाणे मांडता यावे, इतके तरी आपण करू शकतो. ज्याला समोर यायचा धीर होत नाही त्याला १८००-१८०-५५२२ या रॅगिंगविरोधी क्रमांकावर नाव न सांगताही बोलता येते, अमली पदार्थांसाठी १९३३ हा क्रमांक आहे, हेही त्याच फलकावर असावे.

अमली पदार्थ हा आता आपल्यासाठी दूरच्या महानगराचा विषय राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या चिंचोली एमआयडीसीत मेफेड्रोन बनवणारा कारखाना उघडकीस आला, तोही मुंबईहून आलेल्या पोलिसांकडून. दाराशी काय शिजते आहे हे बाहेरच्याने येऊन सांगावे, ही गोष्ट सणाच्या दिवसांतही मनाला टोचत राहावी अशीच आहे.

मात्र जागे राहणे म्हणजे ज्याच्या त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहणे नव्हे. आजची तारीखच आपल्याला तेवढे भान देते. १९३० च्या मे महिन्यात या शहरावर लष्करी कायदा लादला गेला, मंगळवार पेठेतल्या पोलिसांच्या हत्येचा ठपका या चौघांवर आला, आणि ते निर्दोष होते असे सोलापूर आजवर मानत आले आहे. आरोपाचे बोट चुकीच्या माणसाकडे वळले तर काय घडते, हे आपल्याइतके कोणत्या गावाला ठाऊक असणार? म्हणून संशय कृतीचा घ्यावा. आडनावाचा, पेहरावाचा, बोलीचा घेऊ नये. जे डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले तेवढेच सांगावे, वेळ आणि जागा नेमकी सांगावी आणि पुढचा तपास ज्यांचे ते काम आहे त्यांच्यावर सोपवावा. ऐकीव गोष्ट मोबाइलवरून शंभर जणांना पाठवणे ही वर्दी नव्हे, ती चहाडीच.

लवकरच आपण सारे सिद्धेश्वरांच्या मंदिराशी जमू. मानाचे सात नंदीध्वज संमती कट्ट्यापाशी येतील आणि योगदंडाशी कुंभारकन्येच्या विवाहाचा तो सोहळा पुन्हा घडेल. त्यात अक्षता पडण्याआधी संमती वाचली जाते, लाखो लोकांच्या साक्षीने, मोठ्या आवाजात. ती वाचून होईपर्यंत मूठ उघडत नाही. मौन म्हणजे संमती, असे जुने वचन आपण सवयीने बोलून जातो, पण आपल्या ग्रामदैवताच्या यात्रेची रीत नेमकी उलटी आहे. इथे संमती उच्चारावी लागते. मग कॉलेजच्या कट्ट्यावरचे मौन तरी आपण कुणाच्या अन्यायाला दिलेली संमती का होऊ द्यावे?

त्या दिवशी घरी परतल्यावर केसांत, बाराबंदीच्या घडीत अक्षतांचे दोन-चार दाणे हमखास सापडतात. ते कुणी टाकले हे कधी कळत नाही आणि कुणी विचारतही नाही. गड्डा उठल्यावर कॉलेजे पुन्हा गजबजतील, आणि एखाद्या दुपारी कट्ट्यावरून एक मुलगा किंवा मुलगी उठून कार्यालयाच्या दिशेने चालू लागेल. त्या वेळी आपण ‘कशाला नसत्या भानगडीत पडतोस’ असे न म्हणता, चार पावले बरोबर चालत गेलो, तरी पुष्कळ झाले.