घरच्या जेवणाचा फोटो: सजावट कुठे संपते आणि फसवणूक कुठे सुरू होते?

गणपती जवळ आले की व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर उकडीच्या मोदकांचे फोटो दिसायला लागतात. खाली एक ओळ असते, ‘ऑर्डर घेतल्या जातील’. दिवाळीआधी हेच चित्र फराळाचं. घरून पदार्थ विकणाऱ्यांसाठी हा फोटो म्हणजेच दुकान. ग्राहक चव घेऊन बघू शकत नाही, तो फोटो बघून ठरवतो.

आता या फोटोंमध्ये एआयने बनवलेल्या चित्रांची भर पडली आहे. एक ओळ लिहिली की चकचकीत मोदक तयार. मग प्रश्न येतो, फोटो सुंदर करणं आणि खोटा करणं यातली रेष नेमकी कुठे?

झोमॅटोने काय ठरवलं होतं?

ऑगस्ट २०२४ मध्ये झोमॅटोचे दीपिंदर गोयल यांनी जाहीर केलं की रेस्टॉरंटच्या मेन्यूवर पदार्थांचे एआय फोटो चालणार नाहीत. असे फोटो दिशाभूल करतात, अशा तक्रारी ग्राहकांकडून येत होत्या. ग्राहकाचा विश्वास तुटतो, तक्रारी आणि रिफंड वाढतात, रेटिंग घसरतं, असं कारण त्यांनी दिलं.

थोडक्यात, खोट्या फोटोवर पहिली ऑर्डर येते, पण दुसरी येत नाही. मोठं हॉटेल हे सहन करू शकतं. सोसायटीच्या ग्रुपवर डबे विकणाऱ्या काकूंना ते परवडत नाही, कारण एक नाराज ग्राहक त्याच ग्रुपवर असतो.

पन्नास वर्षांपूर्वीची सूपची गोष्ट

हा वाद एआयमुळे सुरू झालेला नाही. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या. सूपमधल्या भाज्या तळाशी बसतात. गोट्यांमुळे त्या वर राहिल्या आणि सूप भाज्यांनी गच्च भरल्यासारखं दिसलं. १९७० मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने यावर आक्षेप घेतला आणि कंपनीला अशा जाहिराती थांबवाव्या लागल्या.

यात सूप खरं होतं आणि भाज्याही खऱ्या होत्या. खोटं होतं ते प्रमाण. उसळ भरपूर दिसावी म्हणून वाडग्यात खाली वाटी पालथी घातली, तर तो याच गोट्यांचा प्रकार झाला.

आपला कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार, वस्तूचं खोटं वर्णन करणारी किंवा तिचं स्वरूप, प्रमाण, दर्जा याबद्दल दिशाभूल करू शकणारी जाहिरात ही फसवी जाहिरात ठरते. अन्न सुरक्षा कायदा २००६ मध्ये खाद्यपदार्थांच्या अशा जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

फेब्रुवारी २०२६ मध्ये केंद्राने आयटी नियमांत बदल करून, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या एआय फोटो-व्हिडिओंवर लेबल लावणं बंधनकारक केलं. मात्र मूळ अर्थ न बदलता केलेली रंग-दुरुस्तीसारखी साधी एडिटिंग त्यातून वगळली आहे.

या सगळ्यातून रेष बऱ्यापैकी स्पष्ट होते. उजेड वाढवा, ताट सजवा, चालेल. पदार्थ, प्रमाण किंवा आकार बदललात, तर चालणार नाही.

मग खरा फोटो चांगला कसा काढायचा?

पहिली गोष्ट उजेड. ताट खिडकीजवळ ठेवा आणि घरातले दिवे बंद करा. बल्बचा पिवळा आणि बाहेरचा निळसर प्रकाश एकत्र आला की वरण हिरवट आणि भात मळकट दिसतो. उजेड बाजूने आला की मोदकाच्या कळ्या उठून दिसतात. समोरून फ्लॅश मारला तर त्या सपाट होतात. सावली जास्त गडद वाटली तर दुसऱ्या बाजूला पांढरा कागद उभा धरा.

दुसरी गोष्ट कोन. पूर्ण ताट बरोबर वरून घ्या. वाटीतली आमटी किंवा मिसळ थोडी तिरकी घ्या. थालीपीठांची चळत, वडापाव असे उंची असलेले पदार्थ समोरून घ्या. फोन अगदी जवळ नेला की पदार्थाचा आकार वेडावाकडा होतो, म्हणून थोडं मागे सरकून झूम करा. लेन्सही पुसून घ्या, स्वयंपाकघरातल्या फोनवर तेलाचा हात लागलेला असतोच.

तिसरी गोष्ट मांडणी, आणि ती आपल्याकडे आधीपासूनच आहे. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मध्ये भाताची मूद आणि वर पिवळं वरण. रंग आपोआप वेगळे होतात. फक्त सेल्फी कॅमेऱ्याने काढू नका, काही फोनमध्ये फोटो उलटा होतो आणि मीठ उजवीकडे जातं.

कोथिंबीर आणि खोबरं फोटोच्या अगदी आधी घाला, नाहीतर वाफेने कोमेजतं. मोदकावर तुपाचा हात फिरवा. तूप आपण खातानाही घालतोच, त्यामुळे ती चमक खरी आहे.

विकण्यासाठीचा फोटो असेल तर शेजारी नेहमीची वाटी किंवा चमचा ठेवा, म्हणजे आकार कळतो. नग आणि वजन लिहा. एफएसएसएआय नोंदणीचा १४ आकडी नंबर असेल तर तोही टाका. आणि फोटो याच वर्षीच्या, तुमच्याच हातच्या पदार्थाचा असू द्या.

पोस्ट करण्याआधी एकच विचार करा. ग्राहकाने डबा उघडून तुमचा फोटो शेजारी धरला, तर त्याला तोच पदार्थ दिसेल का? उत्तर हो असेल, तर फिल्टर कुठलाही लावा.